टेस्ट सर्व्हर उभा करायचाय, वेगळं मशीन घ्यावं का आणि डेटा कुठला टाकावा? लारावेल + मायएसक्यूएल

पंचगंगा_कोडर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर बनवतो, कोल्हापूर-सांगली भागातल्या गावपातळीच्या दूध संस्था वापरतात. सकाळ-संध्याकाळ संकलन, काट्यावरून लिटर येतं, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते, उत्पादकाला एसएमएस जातो आणि दर दहा दिवसांनी बिल. लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क), मायएसक्यूएल ८ (डेटाबेस), रेडिस (मेमरीतला झटपट डेटा साठा), सगळं एकाच व्हीपीएसवर (भाड्याचा सर्व्हर), उबंटू २२.०४ (लिनक्स). घरी-ऑफिसात आम्ही विंडोजवर झॅम्प (पीएचपी आणि डेटाबेसचं तयार पॅकेज) टाकून काम करतो आणि झालं की फाईलझिलानं फायली वर चढवतो.

संस्था कमी होत्या तोवर हे चाललं. आता दरपत्रकाच्या कोडला हात लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण पहाटेपासून डेअरीसमोर रांग लागलेली असते आणि त्या वेळी स्क्रीन अडकली तर सचिवांना लोकांना नंतर या म्हणता येत नाही, दूध थांबत नाही, टँकर यायच्या आत माप झालं पाहिजे.

तर विचारायचंय असं की टेस्ट सर्व्हर म्हणून त्याच व्हीपीएसवर दुसरं फोल्डर आणि सबडोमेन करून चालेल का का वेगळं मशीनच पाहिजे, लाईव्हचा (संस्था रोज वापरतात त्या सर्व्हरचा) डेटा कॉपी करून टाकला तर काय होईल आणि एसएमएसचं काय करायचं. इंटरनेटवर माहिती भरपूर आहे पण ती सगळी मोठ्या टीमसाठी लिहिल्यासारखी वाटते. कुणी चार-पाच जणांच्या टीममध्ये हे उभं केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

---

सर्व्हरघर_पुणे

वेगळं मशीन घ्या. यावर माझं मत ठाम आहे, आणि कारण नुसतं सुरक्षिततेचं नाहीये, तुमच्या सेटअपमध्ये एक अगदी नेमका धोका आहे तो आधी सांगतो.

तुम्ही रेडिस वापरताय, म्हणजे एसएमएस आणि बिलाची कामं क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) जात असणार. लारावेल रेडिसमधल्या प्रत्येक कीला (नोंदीच्या नावाला) पुढे एक प्रिफिक्स लावतं आणि तो प्रिफिक्स डीफॉल्टला ॲपच्या नावावरून बनतो. आता त्याच मशीनवर दुसरं फोल्डर केलं, डॉट ईएनव्ही (सेटिंगची) फाईल कॉपी केली, डेटाबेसचं नाव बदललं पण ॲपचं नाव तेच राहिलं, तर दोन्ही फोल्डर एकाच क्यूत कामं टाकणार. तुम्ही टेस्टवर बटण दाबलं की ते काम लाईव्हचा वर्कर (क्यूतली कामं उरकणारा प्रोग्राम) उचलू शकतो आणि तो लाईव्हचा डेटाबेस आणि लाईव्हची एसएमएस की वापरून ते पूर्ण करेल. कुठेही एरर येत नाही हे यातलं सगळ्यात वाईट. सेशनच्या कुकीचं नावसुद्धा ॲपच्या नावावरूनच बनतं, त्यात जर कुकीचं डोमेन मुख्य डोमेनवर सेट केलेलं असेल तर टेस्टवर लॉगिन केलं की लाईव्हमधून बाहेर फेकला जातो, असले प्रकार सुरू होतात.

दुसरं डिस्क. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) आपोआप चालू असतो आणि डीफॉल्टला ३० दिवस ठेवला जातो. तुम्ही त्याच मशीनवर दर आठवड्याला अख्खा डेटाबेस पुन्हा भरायला लागलात तर प्रत्येक वेळी डेटा एकदा टेबलांत आणि वर एकदा लॉगमध्ये लिहिला जातो. डिस्क भरली की टेस्ट आणि लाईव्ह दोन्ही एकदमच थांबतात, आणि हे बरोबर पहाटे होतं कारण तेव्हाच लिहिणं जास्त असतं.

मशीन निवडताना एवढं बघा की उबंटू तीच पाहिजे. आज नवीन व्हीपीएस घेतला की बऱ्याच ठिकाणी २४.०४ समोर येतं, त्यात पीएचपी ८.३ आहे, तुमच्या २२.०४ मध्ये ८.१ असणार. टेस्टवर ८.३ आणि लाईव्हवर ८.१ असेल तर टेस्टवर पास झालेलं लाईव्हवर चालेलच याची खात्री कशी देणार? २४.०४ वर जायचंच असेल तर आधी टेस्ट न्या, तिथे मुरू द्या, मग लाईव्ह. रॅम मात्र कमी चालते, २ जीबी आणि वर २ जीबीची स्वॅप फाईल (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) एवढ्यात तुमचं काम भागेल. स्वॅप विसरू नका, कंपोझर (पीएचपीची पॅकेजेस आणणारं टूल) चालवताना कमी रॅमवर प्रोसेस मध्येच मारली जाते आणि स्क्रीनवर फक्त किल्ड एवढंच दिसतं, माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

---

रोहिणी_टेस्टिंग

मी क्यूएमध्ये (सॉफ्टवेअर तपासणीत) आहे आणि दूध संकलन म्हटल्यावर पहिला प्रश्न डोक्यात आला तो वेळेचा, कारण हा विषय तुमच्याइतका कुणालाच भोवणार नाही.

नवीन व्हीपीएस बहुतेक वेळा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर येतो. लारावेलचा टाईमझोनही मुळात यूटीसीच असतो. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी जे दूध घातलं जाईल ते यूटीसीमध्ये आदल्या तारखेला पडतं! बाकीच्या धंद्यात पहाटे सव्वापाचला कोण एंट्री करतो, तुमच्याकडे तर काही गावांत तेव्हा अर्धी रांग होऊन गेलेली असेल. आता दहा दिवसांचं बिल घ्या, १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. ११ तारखेला पहाटे ५.१५ ला घातलेलं दूध यूटीसीनुसार १० तारखेचं, म्हणजे ते मागच्या बिलात गेलं. उत्पादक वहीत लिहून ठेवतात, रुपया-दोन रुपयांचा फरक त्यांना लगेच कळतो आणि मग तो सचिवाला जाब विचारतो.

लाईव्हवर तुमचं बरोबर चालत असेल तर कधीतरी कुणीतरी हातानं टाईमझोन बदललेला असणार, आणि तो बदल कुठे लिहून ठेवलेला नसेल तर टेस्ट सर्व्हरवर तो येणार नाही. म्हणून चार ठिकाणी बघायचं: मशीनचा टाईमझोन, पीएचपीचा, लारावेलच्या कॉन्फिगमधला आणि मायएसक्यूएलचा. मायएसक्यूएलमध्ये अजून एक गंमत नाही पण अडचण आहे, एशिया-कोलकाता असं नाव देऊन वेळ बदलणारी क्वेरी असेल आणि टाईमझोनची टेबलं त्या मशीनवर भरलेली नसतील तर उत्तर नल येतं, एरर नाही. रिपोर्टमध्ये तारखेचा कॉलम रिकामा दिसला तर आधी तिथे बघा. मशीनचा टाईमझोन बदलल्यावर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) एकदा रीस्टार्ट करायचा, नाहीतर तो जुन्याच वेळेनं चालत राहतो, म्हणजे रात्री १२ चं काम पहाटे साडेपाचला सुरू होणार, ऐन गर्दीत.

डेटाबद्दल पण बोलते. टेस्टचा डेटा म्हणजे नुसता भरपूर डेटा असं नसतं. तुमच्यासाठी मी आधी हे घेईन: फेब्रुवारीचं तिसरं बिल ८ दिवसांचं, लीप वर्षात ९, आणि ३१ च्या महिन्यात तेच बिल ११ दिवसांचं. कुणीतरी कोडमध्ये सरासरी काढताना सरळ १० नं भागलेलं असतं. मग दरपत्रक बिलाच्या मध्येच बदललं तर, म्हणजे १५ तारखेच्या संध्याकाळपासून नवा दर, सकाळचं जुन्या दरानं. गाय ३.५ फॅट ८.५ एसएनएफ आणि म्हैस ६ फॅट ९ एसएनएफ हे तर सगळेच टेस्ट करतात, पण दरपत्रकाच्या बाहेरचं फॅट आलं तर? मशीननं शून्य पाठवलं तर? एकाच उत्पादकाचं एकाच वेळी गायीचं आणि म्हशीचं असं दोन्ही आलं तर? नेट गेल्यावर काट्यावरची एंट्री दोनदा आली तर? असे पंचवीस-तीस उत्पादक हातानं बनवून सीडरमध्ये (टेस्टचा डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) कायमचे ठेवा, आणि त्यांची बरोबर बिलं कागदावर काढून त्याच्याशी ताडून बघा. सचिवांपैकी जे जुने जाणते असतील त्यांना बसवा त्यासाठी, ते तुम्हाला अशा केस सांगतील ज्या आपल्याला सुचणारच नाहीत.

---

मास्किंग_करा_आधी

लाईव्हचा डेटा जसाच्या तसा टेस्टवर टाकू नका. कळकळीनं सांगतोय. तुमच्याकडे उत्पादकाचं नाव, मोबाईल, बँक खातं, कदाचित आधार पण असेल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, सुरक्षिततेची पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून डेटा फुटला तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो असं त्यात लिहिलंय. पण कायदा बाजूला ठेवला तरी, त्या माणसानं खातं नंबर दुधाचे पैसे मिळावेत म्हणून दिलाय, आपल्या टेस्टिंगसाठी नाही. टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, नवीन आलेल्या इंटर्नला पण.

मास्किंग (खरी माहिती बदलून झाकणं) करताना सगळं एक्सवायझेड करून टाकलं तर टेस्ट फुकट जाते. आकार टिकला पाहिजे. नावं आपापसात अदलाबदल करा, नाव एकाचं आडनाव दुसऱ्याचं, म्हणजे ज्ञानेश्वर, कृष्णाबाई, क्षीरसागर असली जोडाक्षरं तशीच राहतात आणि पावतीच्या छोट्या प्रिंटरवर ती नीट उमटतात का ते कळतं. आयएफएससी कोड ११ अक्षरी असतो आणि पाचवं अक्षर शून्य असतं, ते तसंच ठेवा नाहीतर तुमचं स्वतःचं व्हॅलिडेशनच अडवेल. खातं नंबरची लांबी बँकेप्रमाणे वेगवेगळी असते, ती लांबी ठेवून आतले आकडे बदला. लिटर, फॅट, रक्कम यांना मात्र हात लावू नका, तीच तर टेस्ट करायची आहे.

मोबाईल नंबरची गोष्ट जरा नाजूक आहे. आपल्याकडे मोबाईल ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो, तसा कुठलाही बनवलेला नंबर कुणाचा तरी खरा असू शकतो. त्यामुळे नंबर बदलला म्हणून एसएमएस सुरक्षित झाला असं समजू नका. टेस्टवर एसएमएसची खरी की असताच कामा नये. एसएमएस पाठवणारा जो क्लास आहे त्याचं एक दुसरं रूप करा जे मेसेज एका टेबलात लिहितं, आणि तो टेबल दाखवणारं साधं पान करा, म्हणजे टेस्ट करणाऱ्याला मेसेज कसा गेला असता ते दिसतं. त्यातच एक पायरी वाढवा: डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर) मंजूर करून घेतलेले टेम्प्लेट त्या क्लासमध्ये ठेवा आणि मेसेज त्याच्याशी जुळतो का तपासा. कारण कुणी लिटरच्या ऐवजी ली. केलं तर टेस्टवर सगळं छान दिसतं आणि लाईव्हवर ऑपरेटर तो मेसेज टाकून देतो. मेल असेल तर मेलपिट टाका, मेल बाहेर जात नाही, ब्राउझरमध्ये दिसते.

---

पंचगंगा_कोडर

खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे, रोहिणीताई तुम्ही सांगितलेली पहाटेची गोष्ट आजच तपासली, लाईव्हवर मशीनचा आणि लारावेलचा टाईमझोन बरोबर आहे पण मायएसक्यूएल फक्त सिस्टीमवर अवलंबून आहे, म्हणजे नवीन मशीनवर चुकलंच असतं.

आता दोन अडचणी. एक, आमचे भागीदार जे पैशाचं बघतात ते म्हणतात की महिन्याला अजून एका मशीनचा खर्च कशाला, ज्यावर गिऱ्हाईक एक पण नाही. दोन, ऑफिसात एक जुना पीसी पडलाय, आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, त्यालाच टेस्ट सर्व्हर करा असं त्यांचं म्हणणं. काय सांगू त्यांना?

---

रात्रपाळी_डीबीए

त्यांना बॅकअपबद्दल विचारा. तुमचा बॅकअप रोज होतो ना? शेवटचा कधी उघडून, दुसऱ्या मशीनवर भरून, त्यातून एखादं बिल काढून बघितलं? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर नसतं. टेस्ट सर्व्हर दर आठवड्याला बॅकअपमधून भरायचा असा नियम केला की बॅकअप चालतो का याची परीक्षा आपोआप दर आठवड्याला होते, आणि लाईव्ह गेला तर परत उभा करायला किती वेळ लागतो हा आकडा हातात येतो. माझ्या मते टेस्ट सर्व्हरचा अर्धा फायदा इथेच वसूल होतो, कोडच्या टेस्टिंगच्या आधी.

यावर गिटलॅबचं (लोकांचा कोड साठवणारी सेवा) उदाहरण त्यांना जरूर सांगा, कंपनीनं स्वतःच सगळं जाहीर लिहिलेलं आहे. ३१ जानेवारी २०१७. रेप्लिकेशन (मुख्य डेटाबेसची दुय्यम सर्व्हरवर चालू नक्कल) अडकलं होतं म्हणून एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं, पण कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. कळेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची फाईलीतली नक्कल) तयारच होत नव्हता, कारण डंप घेणारं पोस्टग्रेसचं (त्यांच्या डेटाबेसचं) टूल ९.२ चं आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे तो रोज फेल होत होता, आणि फेल झाल्याच्या मेल पोचत नव्हत्या. वाचवलं कशानं? त्याच इंजिनिअरनं साधारण सहा तास आधी लाईव्हचा एक स्नॅपशॉट हातानं घेतला होता, आणि तो घेतला होता स्टेजिंग (म्हणजे टेस्टचा) सर्व्हर ताज्या डेटानं भरायला! त्यावरून सगळं परत आणलं. मधल्या सहा तासांतले सुमारे ५००० प्रोजेक्ट, ५००० कमेंट आणि ७०० नवीन युजर मात्र गेले. आणि परत आणायला जवळपास १८ तास लागले कारण स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या, हळू होत्या.

तुमच्या भागीदारांना आकडा काढून द्या, तुमचा एक दिवस संकलन बंद राहिलं तर किती संस्था आणि किती लिटर. त्यासमोर छोट्या मशीनचं महिन्याचं भाडं ठेवा. अजून काही बोलावं लागणार नाही.

डंप घेताना मायएसक्यूएलडंपला सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय द्या, नाहीतर डंप चालू असताना टेबलं लॉक होतात आणि संकलनाच्या एंट्र्या अडकतात. हा पर्याय इनोडीबी (मायएसक्यूएलचा आताचा नेहमीचा प्रकार) टेबलांनाच लागू पडतो, एखादं जुनं मायआयसॅम टेबल राहिलंय का ते बघून घ्या. आणि व्ह्यू (साठवलेली क्वेरी) किंवा ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) असतील तर डंपमध्ये ते बनवणाऱ्या युजरचं नाव डिफायनर म्हणून येतं, टेस्टवर तो युजर नसेल तर भरताना नाहीतर पहिल्यांदा चालवताना एरर येईल. डंपमधून डिफायनर काढून टाकणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये ठेवा.

---

सांगलीचा_नेटवर्कवाला

जुन्या पीसीबद्दल: कोड शिकायला, प्रयोग करायला उत्तम. टेस्ट सर्व्हर म्हणून नको. लाईट गेली की बंद, इन्व्हर्टर असला तरी राऊटर त्यावर नसतो, आणि बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग केलेलं नसेल तर सकाळी कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत सगळे बसून. शिवाय साध्या ब्रॉडबँडला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, म्हणजे गावातल्या काट्यावरून तुमच्या टेस्ट सर्व्हरला डेटा पाठवून बघायचा असेल तर तो पोचणारच नाही, त्याला टनेल वगैरे लावत बसावं लागेल. तुमच्या कामात काटा आणि फॅट मशीन जोडून बघणं हीच तर महत्त्वाची टेस्ट आहे.

क्लाउडवर घेतलं तर एक सवय लावा. सबडोमेनला लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट घेतलं की ते नाव सर्टिफिकेटच्या सार्वजनिक लॉगमध्ये नोंदलं जातं, कुणीही बघू शकतं, आणि बॉट ते लॉग बघतच असतात. त्यामुळे आपला टेस्टचा पत्ता कुणाला माहीत नाही हा समज सोडा. एनजिनएक्सला (वेब सर्व्हर) बेसिक ऑथ (ब्राउझरमध्ये पासवर्ड विचारणं) लावा, सगळ्या साईटला, फक्त काट्याच्या एपीआयचा मार्ग त्यातून वगळा कारण मशीनला पासवर्डची खिडकी समजत नाही, त्याला त्याची टोकन असतेच. रोबोट्स फाईल (बॉटना इथे येऊ नका सांगणारी) टाकली म्हणजे झालं असं नाही, ती फक्त विनंती आहे. आणि लारावेलचा डीबग मोड टेस्टवर चालू ठेवायचा मोह होतो, तो उघड्या साईटवर चालू ठेवला तर एरर पानावर क्वेऱ्या, फायलींचे मार्ग आणि आतली बरीच माहिती परक्या माणसाला दिसते.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) वापरणार असाल तर अजून एक सांगतो, डॉकरनं पोर्ट उघडला की तो यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून उघडा होतो. यूएफडब्ल्यू म्हणतो ३३०६ बंद आहे आणि बाहेरून मात्र मायएसक्यूएल दिसतंय, असं होतं. पोर्ट १२७.०.०.१ लाच बांधा.

---

सर्व्हरघर_पुणे

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, मी आता प्रत्यक्ष उभारणीबद्दल लिहितो, कारण इथे एक जागा आहे जिथे खरोखर लाईव्ह उडू शकतो.

लाईव्हचं फोल्डर झिप करून टेस्टवर नेऊ नका. लारावेलमध्ये कॉन्फिग कॅश केलेलं असेल तर ते बूटस्ट्रॅप फोल्डरमधल्या कॅशमध्ये एका फाईलीत साठवलेलं असतं, आणि ती फाईल असेपर्यंत लारावेल डॉट ईएनव्ही वाचतच नाही. म्हणजे तुम्ही टेस्टवर डॉट ईएनव्ही अगदी काळजीपूर्वक बदलली, डेटाबेसचा होस्ट बदलला, तरी ॲप लाईव्हच्याच डेटाबेसला जोडलेलं राहू शकतं. यावर कुणी मायग्रेट फ्रेश चालवलं तर ते सगळी टेबलं पाडून पुन्हा बनवतं. एन्व्हायर्नमेंट प्रॉडक्शन असेल तर लारावेल आधी विचारतं तरी, बाकी कुठल्या नावाला विचारत पण नाही.

म्हणून कोड नेहमी गिटमधून (कोडच्या आवृत्त्या ठेवणाऱ्या टूलमधून) घ्यायचा, आणि खरी भिंत कोडमध्ये नाही तर डेटाबेसपाशी बांधायची. लाईव्हचा मायएसक्यूएल फक्त त्याच मशीनवरून जोडता आला पाहिजे, टेस्ट सर्व्हरच्या आयपीला तिथे वाटच नसली पाहिजे. टेस्टचा डेटाबेस युजर आणि पासवर्ड दोन्ही वेगळे. मग कुणी काहीही चुकीचं कॉपी केलं तरी फार तर कनेक्शन होत नाही एवढंच होईल, आणि तेच आपल्याला हवंय.

फाईलझिला बंद करा आता. एक डिप्लॉय स्क्रिप्ट लिहा, गिटमधून टॅग घ्यायचा, लॉक फाईलप्रमाणे कंपोझर इन्स्टॉल (अपडेट नाही, अपडेटनं टेस्टवर एक आवृत्ती आणि लाईव्हवर दुसरी येते), मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल), कॉन्फिग कॅश, आणि शेवटी क्यू रीस्टार्ट. शेवटचं बरेच जण विसरतात, वर्कर चालू झाला तेव्हाचा कोड मेमरीत धरून ठेवतो, त्यामुळे नवीन कोड चढवला तरी एसएमएस आणि बिलं जुन्याच हिशोबानं निघत राहतात. तीच स्क्रिप्ट टेस्टवर आणि तीच लाईव्हवर, एक अक्षर वेगळं नको. टेस्ट सर्व्हरवर तुम्ही कोडची टेस्ट करताच पण चढवण्याच्या रीतीचीही तालीम होते.

विंडोजवरून लिनक्सवर येताना फायलींच्या नावातली लहान-मोठी अक्षरं पण जाच करतील, विंडोजला मिल्क आणि मोठ्या एमचं मिल्क एकच, लिनक्सला दोन वेगळ्या फायली. टेबलांच्या नावांचंही तसंच. झॅम्पवर चालणारं तुमच्या लाईव्हवर अचानक क्लास सापडला नाही म्हणून पडतं ते यामुळे. टेस्ट सर्व्हर लिनक्स असला की हे तिथेच पकडलं जाईल.

आणि टेस्टच्या प्रत्येक पानावर वर जाड केशरी पट्टी, टर्मिनलचा प्रॉम्प्टही लाईव्हवर लाल. दोन खिडक्या शेजारी उघड्या असतात तेव्हा नुसतं होस्टनेम वाचायला डोळे थांबत नाहीत.

---

पंचगंगा_कोडर

भागीदारांना गिटलॅबचं आणि एक दिवसाच्या लिटरचं सांगितलं, लगेच हो म्हणाले. मशीन घेतलं, २२.०४ च घेतलं, वेळ चारही ठिकाणी सेट केली, एसएमएस टेबलात लिहितोय, काटापण जोडून बघितला चालला. सचिवांपैकी एक काका आहेत, तीस वर्षं संस्था बघतात, त्यांना बोलावून केस लिहून घेतोय, त्यांनी पहिलीच केस सांगितली ती अशी की दूध परत केलं तर, म्हणजे आंबट निघालं म्हणून नंतर वजा करायचं आणि ते पुढच्या बिलात, ही आमच्या कोडमध्ये आहे पण टेस्ट कधीच नव्हती.

आता अडलोय ते असं: मास्क केलेला डंप आमच्या झॅम्पवर भरायला गेलो तर अनोळखी कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) असा एरर येतोय, यूटीएफ८एमबी४ पुढं ०९०० असं काहीतरी. टेस्ट सर्व्हरवर तोच डंप व्यवस्थित भरला गेला. आणि दुसरं, मास्किंग कुठं करायचं, लाईव्हवर करायचं म्हटलं तर भीती वाटते आणि टेस्टवर करायचं म्हटलं तर खरा डेटा तिथं थोडा वेळ तरी येणारच ना?

---

रात्रपाळी_डीबीए

पहिल्याचं उत्तर, झॅम्पमध्ये मायएसक्यूएल नाहीये, मारियाडीबी आहे, २०१५ पासून. ०९०० वालं कोलेशन मायएसक्यूएल ८ चं डीफॉल्ट आहे आणि झॅम्पमधल्या मारियाडीबीला ते ओळखू येत नाही. डंपमध्ये कोलेशनचं नाव बदलून भरता येईल, पण तसं करू नका, मग मराठी नावांचा क्रम आणि शोध तुमच्या लॅपटॉपवर वेगळा आणि लाईव्हवर वेगळा येऊ शकतो. लॅपटॉपवर झॅम्पऐवजी डॉकरमध्ये मायएसक्यूएल ८ घ्या, लाईव्हवर जो आकडा आहे तोच नेमका. जेसन कॉलम वापरत असाल तर ते पण कारण आहेच, मारियाडीबीत जेसन म्हणजे आतून साधा लाँगटेक्स्ट.

जाता जाता एक बघा, जुन्या टेबलांचं कॅरॅक्टर सेट नुसतं यूटीएफ८ आहे का. मायएसक्यूएलचं ते जुनं यूटीएफ८ एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी तीन बाइटांत बसते म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग एखादा सचिव शेऱ्यात इमोजी टाकतो, त्याला चार लागतात आणि एंट्री सेव्हच होत नाही.

मास्किंगसाठी तिसरं मशीन, तासाच्या भाड्यावर. आठवड्यातून एकदा स्क्रिप्टनं उभं करायचं, एसएसएच (दूरून लॉगिन) सोडून सगळे पोर्ट बंद, बॅकअप फाईल तिथे भरायची, मास्किंग चालवायचं, मास्क केलेला डंप टेस्ट सर्व्हरला पाठवायचा आणि मशीन नष्ट करायचं. लाईव्हला हात नाही, टेस्टवर खरा डेटा कधीच नाही, आणि बॅकअप भरला जातोय का हेही तिथेच कळतं. स्क्रिप्टच्या शेवटी एक तपासणी ठेवा, मास्क केलेल्या डेटात लाईव्हमधला एकही मोबाईल किंवा खातं नंबर जसाच्या तसा सापडला तर डंप पाठवायचाच नाही, तिथेच थांबायचं. उद्या कुणी नवीन टेबल केलं, जामीनदाराचा मोबाईल वगैरे ठेवला आणि मास्किंगमध्ये घालायचं राहिलं, तर हीच ओळ अडवेल. त्यासाठी नंबर मोबाईलच्या कॉलमांतच शोधू नका, सगळ्या मजकुराच्या कॉलमांत शोधा, कारण शेऱ्याच्या रकान्यात लोक नंबर लिहून ठेवतातच.

---

रोहिणी_टेस्टिंग

काकांची परत केलेल्या दुधाची केस फार महत्त्वाची आहे, ती दोन प्रकारे घ्या. १० तारखेच्या संध्याकाळचं दूध ११ ला परत आलं, आणि दुसरं म्हणजे मधल्या काळात दरपत्रक बदललेलं असताना परत आलं, तर वजावट जुन्या दरानं का नव्या? हे कोडवाल्यांनी ठरवू नका, काकांना विचारा आणि दोन-तीन संस्थांना पण विचारा, पद्धत वेगळी निघाली तर ते सेटिंगच करावं लागेल. तो सीडर तयार झाला की इथे टाका, त्यातली नावं वगैरे काढून, बाकी दुधाच्या सॉफ्टवेअरवाल्यांना पण उपयोगी पडेल.